स्टिअरिंग सोडलेला जावई

माझा जावई गाडी चालवत नाही, गाडीत बसतो. गेल्या वर्षी त्याने नवी गाडी घेतली आणि पहिल्याच रविवारी बेंगळूरच्या दुसऱ्या टोकाहून, एचएसआर लेआउटहून, चामराजपेटला आमच्याकडे आला. चहाचा कप हातात घ्यायच्या आधीच म्हणाला, "आई, यात हँड्स-फ्री आहे. लेन सेंटरिंग! गाडी स्वतःच लेनच्या मधोमध राहते."

"कुठल्या लेनच्या?" मी विचारलं.

तो हसला. मी हसले नाही. एकतीस वर्षं मी या गावात बायकांना गाडी शिकवली आहे. "अक्का, भीती वाटते" म्हणत आलेल्या, क्लच सोडताना देवाचं नाव घेणाऱ्या बायका मी चिकपेटच्या हातगाड्यांतून आणि कापडाच्या गठ्ठ्यांतून सुखरूप बाहेर काढल्या आहेत. आमच्या इथे पांढरा पट्टा मारला की वर्षात पुसतो, आणि उरलेल्या तुकड्यावर रिक्षावाला अण्णा रिक्षा लावून कॉफी पीत बसतो. मधोमध म्हणे! आमच्या रस्त्यात मधोमध फक्त गाय बसते.

जावई पुण्याचा. कॉम्प्युटरमध्ये हुशार आहे, नाही म्हणत नाही. पण गाडीच्या बाबतीत उंटावरचा शहाणा. त्याच दिवशी त्याने मला रिंग रोडवर फिरवून आणलं. दोन्ही हात मांड्यांवर, चेहऱ्यावर सत्यनारायणाला बसलेल्या यजमानाचं समाधान. थोड्या वेळाने स्टिअरिंग थरथरलं आणि समोरच्या पडद्यावर हाताचं चित्र उमटलं. हात ठेवा, असं गाडी सांगत होती. तर या गृहस्थाने पाण्याची अर्धी भरलेली बाटली काढली आणि स्टिअरिंगच्या दांडीत अडकवली. "तिला वाटतं माझाच हात आहे!" म्हणाला. मला गाडीची कीव आली. ती बिचारी विचारतेय, अरे, आहेस का जागा? आणि हा तिला बाटली दाखवतोय.

मागच्या सीटवर माझी नात बसली होती. सहा वर्षांची. तिला रोज सकाळी शाळेत हाच सोडत होता, त्याच बाटलीच्या भरवशावर. मला काळजी होती ती तिची. घरी आल्यावर मुलीला सांगितलं, तर ती म्हणाली, "आई, तू प्रत्येक गोष्टीत खोट काढतेस. जमाना बदललाय." या मुलीला मी अठराव्या वर्षी गाडी शिकवली होती. लग्न झालं आणि हिने किल्ली नवऱ्याच्या हातात देऊन टाकली. कर्म माझं.

गाडीचं माहितीपुस्तक डॅशबोर्डच्या खणात होतं, अजून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. ते मी मागून घेतलं आणि चार दुपारी चष्मा लावून वाचून काढलं. गाडीत काहीच वाईट नव्हतं, उलट फार विचार करून केलेली वस्तू. आरशाच्या मागे, काचेला लागून एक कॅमेरा असतो. तो रस्त्यावरचे पट्टे बघतो, गाडी मध्यापासून किती सरकली ते मोजतो आणि स्टिअरिंगला हलकासा धक्का देतो. बस्स. पट्टे दिसले नाहीत, ऊन डोळ्यावर आलं, वळण जास्त असलं, की तो हात टेकतो आणि गाडी चालवणाऱ्याच्या स्वाधीन करतो. म्हणून हात स्टिअरिंगवर आणि नजर रस्त्यावर ठेवा, असं पानोपानी छापलं होतं. हँड्स-फ्री हा शब्द पुस्तकात एकदाही नव्हता. तो जावयाच्या डोक्यातून आला होता.

पुढच्या रविवारी मी त्याला एक पान मोठ्याने वाचून दाखवलं. कॅमेऱ्यासमोरची काच स्वच्छ ठेवा, तिथे काही चिकटवू नका, काही लावू नका. तो मोबाइलमध्ये बघत "सरी, सरी" म्हणाला, म्हणजे बरं, बरं. इतकी वर्षं बेंगळूरमध्ये राहून कन्नड तेवढंच आलंय त्याला.

मग आयुधपूजा आली. त्या दिवशी आमच्या गावात शिवणयंत्रापासून बसपर्यंत सगळ्यांना हार पडतो. माझं ड्रायव्हिंग स्कूल चालू होतं तेव्हा सगळ्या गाड्यांची पूजा मीच करायची आणि घरातल्या गाड्यांची अजूनही मीच करते. केळीचे खुंट, झेंडूचा हार, चाकाखाली लिंबं, कुंकू भरलेला कोहळा फोडायचा. आणि समोरच्या काचेवर बाहेरून स्वस्तिक, तेही तेलात कालवलेल्या कुंकवाचं, म्हणजे लवकर उडत नाही. लोक चालवणाऱ्याच्या अगदी नाकासमोर कुंकू फासतात, मूर्ख कुठले. मी माझ्या सगळ्या शिकाऊ बायकांना सांगायची, स्वस्तिक काढायचं ते वर, मधोमध, आरशाच्या मागे, म्हणजे नजरेआड राहतं. जावयाच्या गाडीवरही मी तसंच काढलं, माझ्या या बोटाने.

दुसऱ्या दिवशी दसरा. आम्ही म्हैसूरला माझ्या बहिणीकडे निघालो. मी पुढे जावयाच्या शेजारी, मुलगी आणि नात मागे. नवा रस्ता, ठळक पट्टे, आणि गाडी खरंच सुतासारखी सरळ चालली होती. बाटली जागेवर. रामनगर मागे पडल्यावर काचेवर किडे चिकटायला लागले, म्हणून त्याने पाणी उडवून वायपर फिरवले. काच स्वच्छ झाली. निदान आम्हाला दिसत होती तेवढी.

मग टिंग टिंग वाजलं. गाणं मोठ्याने लागलं होतं, त्याने ऐकलंच नाही. पडद्यावर पिवळी अक्षरं आली. तो मागे वळून नातीला चिवड्याची पुडी फोडून देत होता. आणि समोर रस्ता उजवीकडे वळला. गाडी वळली नाही.

ती सरळ चालली, शेजारच्या लेनमधल्या ट्रककडे. ट्रकचं चाक माझ्या खिडकीत आलं. माझा पाय आपोआप खाली आपटला, कारण एकतीस वर्षं शिकवायच्या गाडीत त्या जागी माझा वेगळा ब्रेक होता. या गाडीत तिथे नुसता गालिचा! मग मी हात घातला आणि स्टिअरिंग उजवीकडे ओढलं. बाटली त्याच्या पायावर पडली. तो "अरे, अरे" करत भानावर आला. फूटभर अंतराने ट्रक गेला.

गाडी कडेला लागली. नात रडायला लागली, चिवडा सांडला म्हणून. माझ्या मुलीचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ती नवऱ्याला म्हणाली, "माझ्या पोरीला मारलं असतंस तू आज."

"पट्टे नीट मारले नाहीयेत इथे," तो पुटपुटला.

"नाचता येईना, अंगण वाकडं," मी म्हणाले. तेवढ्यातही माझी जीभ थांबली नाही. पाय मोकळे करायला खाली उतरले, गाडीला वळसा घालून पुढे गेले आणि काचेकडे पाहिलं.

आरशाच्या मागे स्वस्तिक नव्हतं. वायपरने ते फरफटवलं होतं आणि तेलकट लाल थर नेमका कॅमेऱ्याच्या डोळ्यावर बसला होता. चार दुपारी पुस्तक वाचलं कोणी? मी. काच स्वच्छ ठेव म्हणून त्याला ऐकवलं कोणी? मी. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण! मी बॉनेटला धरून उभी राहिले.

जावई मागे डिकीपाशी उभा होता. मुलगी आत नातीला जवळ घेऊन बसली होती. माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. मी टाचा उंचावल्या, पदराचं टोक ओलं केलं आणि काच पुसली. तीनदा पुसली, तेव्हा निघालं.

तेवढ्यात तो आला आणि भर रस्त्यात माझ्या पाया पडला. "आई, माझी चूक झाली."

"झालीच," मी म्हणाले. "आता दोन्ही हातांनी चालव."

मुलगी आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही. आता नातीला शाळेत तीच सोडते. तो शिकाऊ बाईसारखा स्टिअरिंग घट्ट धरून चालवतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, सासूबाई होत्या म्हणून वाचलो. मी ऐकून घेते. खरं सांगितलं तर तो पुन्हा हात सोडेल, म्हणून गप्प आहे, असं मी स्वतःला समजावते. ते खोटं आहे. एकतीस वर्षं ज्या तोंडाने मी जगाच्या चुका काढल्या, त्या तोंडातून माझी स्वतःची एक चूक बाहेर पडत नाही.