मावशीचा वाटा आधी

घानातल्या कुमासी शहरातली दोकुआ जागेपणी स्वप्नं बघते, असं तिची मावशी अफ्राकोमा सगळ्या गल्लीला सांगायची. ते खोटंही नव्हतं. इतरांचे प्रोग्राम ज्याच्या जिवावर चालतात तो रनटाइम दुरुस्त करणं हे दोकुआचं काम. दिवसभर ती पडद्यात हरवलेली असे आणि चहा निवून जाई.

मावशी मयताला विलापगीतं गायची. आता तिच्या घशात गाठ आली होती. शुक्रवारी शस्त्रक्रिया, नंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. म्हणून दोकुआ तिची गाणी साठवत होती. पण ऐकायला बसावं तर एका कडव्यात पुढच्या कडव्याचे शब्द! नदी यायच्या आधीच माणूस पैलतीरी.

"तुझ्या यंत्राला भारी घाई," मावशी म्हणाली. "मेलेल्याला तरी सावकाश जाऊ दे की!"

दोष रनटाइममध्येच होता, म्हणजे दोकुआच्याच दारात. प्रोग्रामचा एक धागा, म्हणजे त्यातलं एक स्वतंत्र चालणारं काम, माइकचा आवाज सामाईक मेमरीत ओतायचा, दुसरा तिथूनच उचलून फाइलीत लिहायचा. लिहिणं अर्धं होतंय तोवर वरून नवा आवाज पडायचा. तिने मेमरीला कुलूप घातलं, तर लिहून होईपर्यंत माइक खोळंबला आणि मावशीचे श्वासच गिळले गेले. बुधवार उजाडला, शस्त्रक्रियेला दोनच दिवस उरले.

दुपारी हरमाटानच्या कोरड्या, धुळीच्या वाऱ्याने धुरकटलेल्या उन्हात अंगणात फुफूचं, कुटलेल्या कंदाच्या गोळ्याचं, भांडं आलं. एकच भांडं, सगळ्यांचे हात त्यातच. पण ते खाली ठेवण्याआधी मावशीने नेहमीसारखा एक वाटा वाडग्यात काढून झाकला. मामा उशिरा येणार होता.

"ठेवू की आम्ही त्याच्यापुरतं," दोकुआ म्हणाली.

"ठेवाल! भुकेल्या हातांचा काय भरवसा, बये? आधी काढायचं, मग हात घालायचे."

दोकुआचा घास हातातच राहिला. मग ती खरकट्या हातानेच उठून पडद्यासमोर जाऊन बसली, मावशी ओरडत राहिली. कुलूप फक्त क्षणभर घालायचं, तेवढ्यात आवाजाची नक्कल बाजूला काढायची, आणि त्या नकलेवरून सावकाश लिहायचं. सामाईक भांड्यात मग काय पडायचं ते पडो!

गुरुवारी मावशी सकाळपासून गायली. सतरा गाणी, एकही शब्द इकडचा तिकडे नाही.

आवाज गेला त्याला आता वर्ष होईल. उन्हं कलली की मावशी अंगणात बसते, बटण दाबते आणि स्वतःच्या आवाजाबरोबर नुसते ओठ हलवते. दोकुआ दारात उभी राहते, तिला रडू आवरत नाही. गाण्यात आधी नदी येते, मग होडी, मग पैलतीर. आणि तेव्हा जिथे श्वास घेतला होता, तिथेच मावशी आजही श्वास घेते.