गव्हाचा पाव

आमच्या मायनं औंढ्याच्या नागनाथापुढं गहू सोडला, तो माझ्या धाकट्या भावासाठी. लहानपणी वारंवार ताप येऊन त्याच्या काळजाची झडप खराब झाली होती. कॉलेजात जायच्या वयात तो धापा टाकायला लागला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन याला झेपायचं नाही, औषधांवर निघतील तितके दिवस काढा. असं आईच्या तोंडावर बोलतं का कुणी? पण ते बोलले. माय दवाखान्यातून परस्पर औंढ्याला गेली आणि सांगून आली, की माझं लेकरू राहू दे, मी गव्हाचा घास तोंडात घेणार नाही.

ज्याच्यासाठी सोडलं त्याला सांगायचं नसतं, असं आमच्याकडं मानतात. म्हणून हे मला एकटीलाच ठाऊक. पुरणपोळी म्हणजे मायचा जीव की प्राण. पण सणाला ती आम्हाला तव्यावरून गरम पोळ्या वाढायची आणि स्वतः ज्वारीची भाकर कुस्करायची. भावाला वाटायचं, मायला गहू पचत नाही. "माय, मागल्या जन्मी तू ज्वारीचं कणीस व्हतीस," असं तो चिडवायचा. ती हसायची. मला मात्र तिथं बसवायचं नाही, काहीतरी कामाचं निमित्त काढून मी उठायचे.

आणि तो जगला की हो! डॉक्टरांना खोटं पाडून जगला. वर्षामागून वर्ष गेलं, शिक्षण उरकलं, सेनगावात मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसायला लागला. महिन्याच्या महिन्याला इंजेक्शनसाठी माय त्याला घेऊन हिंगोलीला यायची आणि मग दोघं माझ्या घरी जेवायला.

दोन हजार आठ-नऊची गोष्ट असेल. आमच्या हिंगोलीत अकोला रोडला बर्गरचं हॉटेल निघालं. गाड्यावर वडापावच्या शेजारी मिळतो तसला बर्गर नव्हे. काचेचं दार, आत एसी, आणि बर्गरांची नावं वाचतानाच जीभ वळू नये अशी. मालक पोरगा इथलाच, पुण्यात मोठ्या हॉटेलात स्वयंपाक शिकून आलेला. गावात त्याची चेष्टाच चालली होती, की भाकर-ठेचा खाणाऱ्यांना हा काय खाऊ घालून राहिला म्हणून. पण भावानं कुठंसं ऐकलं आणि हट्टच धरला. इंजेक्शन झाल्यावर म्हणाला, "अक्का, आज तुझ्या घरची भाजी नको. मी तुमाला दोघींना हॉटेलात नेतो."

मी म्हटलं, मिठाचं पथ्य आहे ना तुझं? तर म्हणे, एका दिवसानं काय होतंय. आजारी माणसाचा हट्ट मोडवत नाही, गेलो.

माय खुर्चीच्या टोकावर पदर सावरून बसली. एसीच्या वाऱ्यानं तिला कापरं भरलं होतं. बर्गर आले ते लाकडी फळीवर, मधोमध सुरी खुपसलेली. माय माझ्या कानाशी म्हणाली, "पोळपाटावर काहून वाढलं बाई? ताटं न्हाईत का यायच्याकडं?" मला असं हसू आलं, की पाण्याचा घोट नाकात गेला. भाऊही हसत सुटला, हसता हसता त्याला धाप लागली, तरी थांबेना. इतका खूश मी त्याला फार दिवसांनी पाहत होते.

बर्गर चांगला होता, खोटं कशाला बोलू. आत शेंगदाण्याच्या कुटाची आणि राजम्याची जाड टिक्की, सावकाश परतून गोड केलेला कांदा. माय नुसता चहा पीत होती. भावानं आपल्यातला तुकडा कापला आणि तिच्या तोंडाशी नेला. "पाव हाय माय, चपाती न्हाई. पाव तर खातीस की तू."

ते खरंच होतं. दवाखान्याच्या दारात ती चहात पाव बुडवून खायची. तिच्या हिशेबी गहू म्हणजे शेतातून येतो आणि गिरणीत जातो तो. पाव मैद्याचा, मैदा दुकानातल्या पुडीतला, त्याचा न् गव्हाचा काय संबंध! आमच्या गल्लीतल्या धान्य सोडलेल्या कितीतरी बायका असंच धरून चालायच्या. मायनं तोंड उघडलं आणि लेकानं घास भरवला.

नेमका तेव्हाच मालक टेबलापाशी आला. बिचारा कौतुकानं म्हणाला, "कसा लागला काकू? पाव आमचा घरचा आहे. मैद्याचा कण नाही त्यात. सगळा लोकवन गहू, आम्हीच दळून आणतो, इथंच भाजतो."

मायचं तोंड हलायचं थांबलं. मी टेबलावरचा कागदी रुमाल तिच्यापुढं सरकवला. तिनं तो पाहिलाही. पण समोर भाऊ टक लावून विचारत होता, "कसाय माय?" तिनं डोळे मिटले आणि घास गिळला. "बेस हाय," म्हणाली.

पोळा यायच्या आत भाऊ गेला. भर दुपारी, दुकानात कुणाचा तरी मोबाइल उघडून बसलेला असताना त्यानं मान टाकली.

दहाव्याला माय मला बाजूला घेऊन एवढंच म्हणाली, "म्या गिळला." माझं डोकं फिरलं. पुढं कितीतरी वर्षं मी तिच्याशी या एका गोष्टीवरून भांडत आले. अगं, मैदाही गव्हाचाच असतो, तू दवाखान्याच्या दारात खातच होतीस, तेव्हा का नाही गेला तो?

"तवा मला ठावं नव्हतं. त्या दिशी कळलं, अन् कळल्यावर गिळला."

"मग थुंकायचं होतं."

"लेकरानं भरवलेला घास थुंकू व्हय?"

मी डॉक्टरांचं सांगून पाहिलं, रागावून पाहिलं, रडूनसुद्धा पाहिलं. एकदा दोघी अंगणात तुरी निवडत बसलो होतो. पुन्हा तोच विषय निघाला आणि मी तडकले. म्हटलं, "तुझ्या गहू खाण्या-न खाण्यानं काडीचाही फरक पडला नाही, माय. झडप खराब होती, तो जाणारच होता."

तिचा हात सुपातच थांबला. म्हणाली, "काडीचा बी न्हाई? डॉक्टरनं हात टेकले व्हते, तरी इतकी वर्षं जगला माझा लेक. त्यात बी मग माझं काहीच नव्हतं म्हणतीस?"

मी तिच्या पुढ्यातलं सूप ओढून घेतलं आणि तुरी निवडायला लागले.

"माझ्या घासानं गेला म्हणू दे मला," ती म्हणाली. "मंजी माझ्या सोडण्यानं जगला बी व्हता."

त्यानंतर मी भांडले नाही. आता ती थकलीय, एकच गोष्ट पुनःपुन्हा विचारते. मधूनच माझा हात धरते आणि म्हणते, "माझ्यामुळंच गेला, व्हय ना गं?"

मी तिच्याकडं बघून म्हणते, "व्हय माय, तुझ्यामुळंच."