काकूने तपासलेला ट्रक

माझी मोठी काकू सव्वीस वर्षं ट्रकच्या कारखान्यात तपासणी विभागात होती. तयार होऊन आलेल्या ट्रकखाली शिरायचं, एकेक नट ठरलेल्या मापाने आवळलाय का ते बघायचं आणि बरोबर असेल तर त्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचा, हे तिचं काम. निवृत्त झाली तरी खोड गेली नाही. रस्त्यात ट्रक उभा दिसला की वाकून खाली बघणार. काका होते तेव्हा म्हणायचे, "हिच्याबरोबर बाजाराला निघालं की भाजी राहते आणि ॲक्सल बघून होतात."

माझे बाबा, म्हणजे तिचे धाकटे दीर, वीस वर्षं दुसऱ्यांचे ट्रक चालवत होते. शेवटी त्यांनी स्वतःचा घेतला, काकूच्याच कारखान्यात बनलेला, सतरा वर्षं जुना. काकू तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. "वहिनी येईपर्यंत थांबा," असं आई म्हणाली होती, पण बाबांना दम कुठला!

ट्रक नावावर करायला आरटीओत नेला आणि तिथेच माशी शिंकली. केबिनमधली नंबर आणि तारीख असलेली कारखान्याची पट्टी रिव्हेटऐवजी साध्या स्क्रूंनी बसवलेली होती. चेसिसवर ठोकलेला नंबर गंजाने बुजला होता. तपासणी अधिकारी म्हणाले, "ही पट्टी दुसऱ्याच ट्रकची असणार. चोरीचा माल असा जोडून विकतात." ट्रक त्यांनी आवारात अडकवून ठेवला. विकणारा म्हातारा शपथेवर सांगत होता की केबिन रंगवताना पट्टी काढली होती, एवढंच. ऐकतो कोण?

तीन दिवस बाबांच्या घशाखाली घास उतरला नाही. चौथ्या दिवशी काकू परतली. आईने सगळं सांगितलं. काकूने चप्पलही काढली नाही. "कुठे उभा आहे?" एवढंच विचारलं.

सकाळी आम्ही तिघं त्या आवारात गेलो. काकूच्या पिशवीत भिंग, छोटा आरसा, रॉकेलची बाटली आणि जुन्या साडीचे तुकडे. साहेबांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बाई, हे तुमचं काम नाही."

"साहेब, सव्वीस वर्षं हेच केलंय. बघू तर द्या. नाही पटलं तर ट्रक कुठे पळून जातोय?"

साहेब हसले आणि बाजूला झाले.

दीड तास काकू ट्रकभोवती आणि ट्रकखाली होती. इंजिनच्या कुशीवर ओतकामाच्या वेळची तारीख उठवलेली असते, ती तिने आरशात दाखवली. पट्टीवरच्या तारखेच्या आधी दोन महिने. मागच्या ॲक्सलवरही तेच साल. "सुटे भाग आधी तयार होतात, मग ट्रक उभा राहतो. हिशेब जुळतोय," ती म्हणाली. मग साहेबांना वाकायला लावून तिने स्प्रिंगजवळचे नट दाखवले. चिखल पुसल्यावर खाली फिकट पिवळे ठिपके. हे नट कधी खोललेच नव्हते.

"तुमचेच ठिपके का?" साहेबांनी गमतीने विचारलं.

"आम्ही दहा जणी होतो. कुणाचा कुठला, कोण सांगणार?"

बाबांचा चेहरा जरा उजळला. तेवढ्यात काकू म्हणाली, "पण उजवा दरवाजा ह्या ट्रकचा नाही. खरवडल्यावर खाली निळा रंग लागतोय, बाकी सगळीकडे करडा आहे. पुढची काचही नंतरची."

बाबांनी तिला कोपराने ढोसलं. "वहिनी, हात दाखवून अवलक्षण कशाला? आपल्या बाजूने बोला की."

"जे आहे ते सांगतेय, भाऊजी. एक लपवलं तर बाकीच्यावर कोण विश्वास ठेवेल?"

मला वाटतं, साहेब तिथून पुढे नीट ऐकायला लागले.

राहिला चेसिसचा नंबर. काकूने त्याला हात लावला नाही. "मी घासलं तर उद्या म्हणाल, बाईने आकडे खोडले. तुम्हीच पुसा. घासायचं नाही, रॉकेलने भिजवून हलकं टिपायचं." साहेबांनी बाह्या वर केल्या. गंज सुटत गेला. मग त्यावर कागद धरून त्यांनी पेन्सिल फिरवली आणि एकेक आकडा उमटू लागला. सगळे पट्टीशी जुळले. शेवटून दुसऱ्यावर गाडी अडली. पट्टीवर तीन होता, कागदावर आठसारखं काहीतरी.

बाबांची पाचावर धारण बसली. मी त्यांचा हात धरला.

काकूने भिंग लावून बराच वेळ पाहिलं. "साहेब, ह्याच नंबरात आणखी एक स्वच्छ तीन आहे. तो कसा दिसतो?"

"वरून सपाट."

"आमच्याकडच्या ठशाचा तीन तसाच असायचा. आठ वरून गोल. आता हा बघा."

साहेबांनी भिंग घेतलं, पुन्हा रॉकेल लावलं, दुसरा कागद घेतला. आकड्याचं डोकं सपाट निघालं. डावीकडे गंजाने खाल्लेला खड्डा होता, त्याने तीनचा आठ केला होता.

"तीनच आहे," ते म्हणाले. "ट्रक तुमचाच. दरवाजा बदलल्याची नोंद करतो आणि कागद पुढे पाठवतो."

आमचा जीव भांड्यात पडला. बाबा तिथेच पायरीवर बसले आणि हसता हसता डोळे पुसायला लागले. साहेबांनी खुर्ची मागवली, ती बाबांसाठी नव्हे, काकूसाठी. ती मात्र गुडघे चोळत म्हणाली, "आधी हात धुवायला साबण द्या."

दुपारी ट्रक सुटला. मी बसने जाते म्हणाले, पण बाबांनी दोघींनाही केबिनमध्ये चढवलं. काकूला वर ओढून घ्यावं लागलं. ट्रक रस्त्याला लागल्यावर ती पदर सावरून खिडकीबाहेर बघत राहिली. इतके ट्रक तपासले, पण त्यातल्या एकातही बसून ती कुठे गेली नव्हती.

"केवढं उंच दिसतं हो इथून!" ती म्हणाली. "भाऊजी, लगेच घरी नका नेऊ. जरा लांबून घ्या."