पुट्रेसिनच्या बाटल्या कोणी पुसल्या

वंदनाताई आज पहाटे गेल्या, आणि मी त्यांची गुन्हेगार आहे.

लाईक नका करू. फक्त वाचा.

नव्वदचं दशक. तळोज्यातली एक टिश्यू कल्चर लॅब. मी पीएच.डी. करणारी, आगाऊ. ताई शेजारच्या नावडे गावच्या, लॅब असिस्टंट, कित्येक वर्षं टेम्पररी. त्या वर्षी पर्मनंट होणार होत्या.

माझा विषय पॉलिअमाइन्स.
पेशीतले इवलेसे रेणू. पॉझिटिव्ह चार्जमुळे डीएनए-आरएनएला चिकटतात, त्यांना सांभाळतात, पेशी विभागायला मदत करतात. कमी पडले की रोपाची वाढ खुंटते. अती झाले की पेशीच मरतात.

त्यातलं एक पुट्रेसिन. बाटली उघडली की कुजक्या मांसाचा वास.
"मेल्याचा वास, आन म्हने यानं कोंब फुटनार!" ताई नाक दाबून हसायच्या.

भाताच्या पेशींचे गोळे वाढवत होते मी. निम्म्या बाटल्यांत पुट्रेसिन, निम्म्यांत नाही. चार महिन्यांची मेहनत.

बाटल्यांवर ताई नेहमी चिकटपट्टी लावून पेन्सिलीनं लिहायच्या. मला कुठला धीर! मी मार्करनं थेट काचेवर खरडलं.

आणि एका सकाळी मीच सवयीनं सगळ्या बाटल्या स्पिरिटनं पुसल्या.
अक्षरं गेली. कशात काय आहे, देवालाच ठाऊक.

आमचे लॅबप्रमुख सर भडकले. "कोणी पुसल्या?"

"माज्या हातनं झालं, साहेब," ताई म्हणाल्या.

बाहेर आल्यावर मला म्हणतात, "गप बस बाय. तुजी डिग्री अडकल. मना काय, येक वर्साचा उशीर होल."

वर्षाचा कसला? महिन्याभरात त्यांना कामावरून काढलं.

मी प्रयोग पुन्हा केला, पट्टी लावून. पुट्रेसिनवाल्या गोळ्यांना हिरवे कोंब फुटले. मी डॉक्टर झाले. आणि नालायकासारखी गप्प राहिले.

दोनदा नावड्याला गेले सांगायला. दोन्ही वेळा ताईंच्या हातचं कालवण-भात जेवून परत आले.

आज अंत्यदर्शनाला गेले, तेव्हा त्यांच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, आईनं कामात काय गडबड केलेली का? बाबा तिला शेवटपर्यंत तेच ऐकवायचे."

मी तिथेच, सगळ्यांसमोर सांगितलं. चूक माझी होती.

मुलगी म्हणाली, "आई असताना सांगायचं होतं ना, मॅडम."

हो गं. आई असताना सांगायचं होतं.

ताई, माफी मागायलाही तोंड नाही मला. शांतपणे जा.