एका हाकेला ओ

या सदरात येऊन इतरांच्या अनुभवांची टिंगल करणारा एक आयडी तुम्हाला आठवत असेल, तो माझाच. "झोप पुरी घेत जा" वगैरे मीच लिहायचो. भुतांवर माझा आजही विश्वास नाही... पण जे झालं ते लिहितोय. फक्त "हेडफोन काढून बसत जा" असा सल्ला कोणी देऊ नये. तो घरातून मिळून झालाय.

आम्ही विरार पूर्वेला राहतो, चौथा मजला. मी, बायको मेघना आणि बाबा. बाबांना पॅरालिसिसचा झटका येऊन गेला, डावी बाजू लुळी आहे. ते हॉलमध्ये कॉटवर असतात आणि मी बाजूच्या खोलीत घरूनच काम करतो. मेघना दिवसभर ऑफिसला. पाणी हवं, कूस बदलायची, काहीही असलं की बाबा "संजू" म्हणून हाक मारतात आणि मी उठतो. दिवसभर त्यांचा सगळा भरवसा त्या एका हाकेवर असतो.

नोकरी सांभाळून मी एक ओपन सोर्स प्रोजेक्ट बघतो, त्याचा मेंटेनर आहे. कॉम्प्युटरवर एकाच वेळी पुष्कळ प्रोग्राम चालू असतात, ते एकमेकांना निरोप पाठवतात. ते निरोप इकडचे तिकडे पोचवायचं काम आमचा कोड करतो. आम्ही तो फुकट देतो, म्हणून लोक शिव्याही फुकट देतात. "स्लो आहे", "मेंटेनर मेलाय का"... त्याच वैतागात मी साफसफाई काढली. जुना, बिनकामाचा कोड दिसला की उडवायचा.

त्यात एक विचित्र तुकडा सापडला. अनोळखी प्रोग्रामने पहिल्यांदा हाक दिली की आमची सिस्टिम गप्प. दुसऱ्यांदा दिली तरी गप्प. तिसऱ्यांदा बोलावलं तरच उत्तर. कारण कुठेच दिलेलं नाही, वर फक्त 'काढू नये' असं लिहिलेलं. हा कोड सुहासचा — जवळच्याच गिरीज गावचा माणूस, आमच्याशी कडाक्याचं भांडून प्रोजेक्ट सोडून गेलेला. नाव बघूनच माझं डोकं फिरलं. तू कोण मला सांगणारा? उडवला तुकडा. वेग वाढला, सगळ्या टेस्ट पास झाल्या, आणि मला जरा बरंही वाटलं.

दुपारी जेवून पुन्हा बसलो तर स्क्रीनवर एक हाक आलेली दिसली. एकच. आमच्या कोडने तिला लगेच उत्तरही दिलं होतं. पाठवणारा कोण ते शोधलं, तर हाकेवर पाठवणाऱ्या प्रोग्रामचा नंबर होता, पण त्या नंबरचा प्रोग्राम माझ्या मशीनवर नव्हताच. बाहेरून आली म्हणावं, तर नेट मी स्वतः बंद ठेवलं होतं. काहीतरी बग आहे म्हणून त्यातच डोकं घालून बसलो.

मग बेल वाजली. दार उघडायला बाहेर आलो, तर बाबा कॉटखाली फरशीवर पडलेले. दारात शेजारच्या राऊतकाकू. "अरे, ते कधीचे बोलावतायत तुला. आणि आतून हे असं बोलतात का आजारी माणसाला?"

दोघांनी मिळून त्यांना उचललं. बाबा माझ्याकडे बघेनात. भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "ओ दिलीस. मग म्हणालास, पडलात ना, राहा पडून."

मी तोंड उघडलं नव्हतं. मला हाकही ऐकू आली नव्हती — मधलं दार सताड उघडं आणि हेडफोन टेबलावर असून.

संध्याकाळी मेघनाने माझीच बिनपाण्याने केली. "तंद्रीत बोलला असशील. कामात असलास की माझ्यावरही असाच खेकसतोस." त्यानंतर स्क्रीनवर तशी हाक दिसायची, आणि त्या त्या दिवशी बाबा चहा न घेता पडून राहायचे. काय झालं विचारलं तर म्हणायचे, "आत्ता बोललास ते पुरे झालं."

शनिवारी मेघना घरी होती. मी स्कूटर काढून गिरीजला सुहासच्या वाडीत गेलो. तो केळीची सुकलेली पानं कापत होता. मान वर न करता म्हणाला, "तीन हाकांचं काढलंस ना?"

"कारण लिहायचं होतंस मग."

"लिहिलं असतं तर हसला असतात सगळे. आमच्या घरात एका हाकेला कोणी ओ देत नाही. माणूस असेल तर पुन्हा बोलावतो. कोण आहे ते माहीत नसताना ओ कशाला द्यायची? तसंच कोडमध्ये केलं. तुला कळत नव्हतं तर हात का लावलास?" कोयता दाखवत म्हणाला, "नीघ आता." पाणीसुद्धा विचारलं नाही.

वाडीच्या बाहेर येतोय तोच मेघनाचा फोन. अगदी हळू आवाजात म्हणाली, "तू परत कधी आलास?"

"मी गिरीजलाच आहे."

तिच्या मागून, माझ्या खोलीतून, माझाच आवाज मला फोनवर ऐकू आला. "सारखं सारखं काय बोलावता? मरत का नाही एकदाचे?"

घरी पोचलो तेव्हा मेघना बाबांचा हात धरून बसली होती. माझ्या खोलीला तिने बाहेरून कडी घातली होती. आत कोणी नव्हतं, नुसता कॉम्प्युटर चालू. मी सुहासचा तुकडा जसाच्या तसा परत घातला. 'काढू नये'सकट. त्यानंतर आवाज आलेला नाही. "पुन्हा स्लो झालं" म्हणून लोक परत शिव्या घालतायत, घालू देत.

डॉक्टर म्हणाले, झटक्यानंतर असे भास होतात. मग मेघनाला काय झालं होतं? काकूंना? मला? एक मित्र म्हणाला, तुझं जुनं रेकॉर्डिंग स्पीकरमधून वाजलं असेल. पण मी ते वाक्य कधी उच्चारलेलंच नाही.

बाबांना सगळं सांगितलं. मेघनाने शपथ घेऊन सांगितलं की तेव्हा हा घरात नव्हता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नसशील. पण आवाज तुझा होता. तुझ्या मनात असल्याशिवाय त्याला कुठून सापडलं?"

आता मी हेडफोन लावत नाही. पलीकडे कॉट करकरते, पाण्याचा तांब्या हात लागून सांडतो, मी धावत जातो. बाबा एका हाताने चादर पुसत असतात. "तू बस तुझं काम करत," म्हणतात. "मी कुठे हाक मारली?"