छताची फळी

"लाकडाला काय, वर लावा नाहीतर खाली, लाज माणसाला वाटते," सिराज मिस्त्री एकदा हसत म्हणाला होता.

दोन हजार चार साली प्रज्ञेशने खडकीतला जुना बंगला घेतला. कॉम्प्युटरवर कमावणारा तरुण. त्याला आणि त्याची बायको अक्षताला जमिनीला जुनंच लाकूड हवं होतं. टिंबर मार्केटमधून सागवानी फळ्या आल्या, शहरातल्या कुठल्याशा पाडलेल्या अत्तराच्या दुकानाचं छत.

बंगल्याची शहाबादी फरशी कुठे खचलेली, कुठे फुगलेली. खिडकीचा कोपरा तर दोन बोटं खाली. सिराजने आडव्या पट्ट्या टाकल्या, पाणसळ लावून प्रत्येकीखाली मापाची पाचर ठोकली. एकीसारखी दुसरी नव्हती, आणि एकही कुणाला दिसणार नव्हती. असल्या न दिसणाऱ्या कामातच त्याची हयात गेली होती.

बाराव्या दिवशी एक फळी उलटली आणि पटाशीने कोरलेला ७८६ दिसला. साताची शेपटी आत वळलेली. अब्बांचा हात. कामाची पहिली फळी चढवण्याआधी ते तिच्यावर बिस्मिल्लाचा हा आकडा कोरत. चाळीस वर्षं तो लोकांच्या डोक्यावर होता.

सिराजने ती फळी मागितली. बदली दुसरी आणून देतो म्हणाला. प्रज्ञेशने कारण विचारलं आणि सिराजने ते सांगितलं. तिथेच चुकलं. अक्षता हरखली. वस्तूला अशी गोष्ट असावी लागते, म्हणाली. फळी दारातच बसवायची, आकडा वर, येणारा-जाणारा विचारेल.

"त्यावर पाय पडेल, साहेब."

"चाचा, आमच्याकडे सगळे चपला बाहेरच काढतात," प्रज्ञेशने समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बाकीची जमीन झाली. दारातली एक जागा उरली. सिराजने फळी आडवी धरली आणि आकड्यावर रंधा चालवला. सहाव्या हाताला सात गेला. आठ खोल होता, तो गुडघा रोवून काढावा लागला.

"अहो, काय करताय हे?" अक्षता धावत आली.

रंधलेली फळी बसवली तर शेजारणींपेक्षा केसभर खाली गेली. त्याने तिच्याखाली चिपटी सारली, खिळे ठोकले, पाणसळ ठेवली. बुडबुडा मधोमध आला. मग भुसा आणि कुरळ्या साली वेचून रुमालात बांधल्या, एकही न सांडता. प्रज्ञेश काहीतरी विचारत होता.

सिराजने ती फळी ओलांडली, बाहेर काढून ठेवलेल्या चपला पायात सरकवल्या आणि फाटकाबाहेर पडला.