उपरण्याखालचा हात

संक्रांतीला गड्ड्याची जत्रा लागली, बैलबाजार भरला, की दलाल सिद्धप्पांना घास गिळायला उसंत नसे. बाजारात भाव तोंडानं बोलायचा नसतो. खांद्यावरचं उपरणं हातांवर टाकायचं आणि त्याच्याखाली समोरच्याची बोटं दाबायची. एक बोट, दोन बोटं, नाहीतर अख्खा पंजा. भोवती कितीही बघे जमोत, कोण अडून बसलं आणि कोण खाली उतरलं याचा कुणाला पत्ता लागत नसे.

त्यांची लेक दाक्षायणी ही भाषा बापाच्या मांडीवरच शिकली. गुळाचे खडे किती हवेत ते ती उपरण्याखालून सांगे. ती पंजा मागे, अप्पा एक बोट देत, आणि शेवटी दोन-तीनवर जमे. अप्पांना रागावलेलं कुणी कधी पाहिलं नव्हतं. तिच्या आईला, बसव्वाला, तर त्याचाच राग येई. घरात भांडायलाही माणूस मिळू नये म्हणजे काय!

दाक्षायणी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि नंतरच्या तापानं पार खंगली. उठून बसली तरी डोळ्यांपुढे अंधारी येई. अशात एका सकाळी सासरे रेवणप्पा गाडी जुंपून दारात हजर. अक्कलकोटकडं त्यांचं गाव. ज्वारीची काढणी तोंडावर, आणि घरात चुलीपाशी बसायला माणूस नाही.

"आजच्या आज सुनेला पाठवा," ते ओसरीवरून गरजले. गल्लीतली माणसं गोळा झाली. बघणारे वाढले तसा त्यांचा आवाजही वाढला. "न्हाय पाठवली, तर कायमची ठिवून घ्या!"

आत दाराआड दाक्षायणी बाळाला छातीशी धरून बसली होती. आत्ता गेलो तर आपण काही वाचत नाही, असं तिला मनोमन वाटत होतं. पण सासऱ्यांपुढं सुनेनं तोंड उघडायची रीत नव्हती.

अप्पा चौकटीला टेकून बसले होते. त्यांनी शांतपणे उपरणं काढलं आणि व्याह्यांपुढं धरलं.

"सून न्यायला आलोय, जनावर घ्यायला न्हाय!" रेवणप्पा उसळले.

दाक्षायणीच्याही काळजात कळ उठली. बापानं आपला सौदा मांडला?

"म्हनूनच की पावणं," अप्पा म्हणाले. "चारचौघांत बोललेला शब्द मागं घ्यायला लाज वाटती. ह्याच्याखाली घेतला तर कुनाला दिसत न्हाय. एक बोट म्हंजी एक म्हैना. बोला."

रेवणप्पा घुटमळले. उभ्या आयुष्यात त्यांनी बैल काही कमी घेतले नव्हते. त्यांचा हात उपरण्याखाली गेला.

आणि त्याच वेळी अप्पांचा डावा हात पाठीमागून दाराआड आला. तळवा उघडा.

दाक्षायणीनं अख्खा पंजा धरला. अप्पांचा हात क्षणभर थांबला, मग त्यांनी तिचं एकच बोट दाबलं. म्हणजे सासरे एका महिन्यावर आले होते! तिनं तीन धरली. अशी थोडा वेळ देवघेव चालली. अप्पांच्या तोंडावरची सुरकुती हलली नाही. शेवटी दोन बोटांवर ते थांबले आणि तिनंही मुकाट मान्य केलं. पुरुषांच्या बैठकीत ती जन्मात पहिल्यांदा बोलली होती, आणि कुणाला कळलंही नव्हतं.

"आन् मळणीला माझी जोडी घिऊन मी सोता येतो," अप्पा मोठ्यानं म्हणाले.

रेवणप्पांनी पुढं गावभर सांगितलं, व्याह्याला कसं नमवलं ते. अप्पा त्यांच्याच खळ्यात बैल हाकताना ते ऐकत आणि मान डोलवत.

मग किती गड्डे भरले आणि उठले. दाक्षायणी स्वतः सासू व्हायला आली. एका पौषात निरोप आला, अप्पांना झटका आला, वाचा गेली. ती धावत आली. दोनच दिवस राहीन, असं नवऱ्याला, बसप्पाला, सांगून आली होती. तो न्यायला आला तेव्हा अप्पा तिच्याकडं टक लावून बघत होते. उजवा हात तेवढा हलत होता.

खुंटीवर उपरणं होतं, तेच. तिनं ते दोघांच्या हातांवर टाकलं आणि एक बोट दिलं. अजून एक दिवस.

अप्पांनी तिचा पंजा धरला.

तिनं तो हळूच सोडवून दोन बोटं दिली. पुन्हा पंजा. तीन दिली. पुन्हा पंजाच. दर सौद्यात आपलं एक बोट हसत सोडणारा माणूस, आज एकही बोट सोडायला तयार नव्हता.

बसप्पा दारातून म्हणाला, "चला, उन्हं चढत्यात."

"गाडी माघारी न्या," दाक्षायणी मोठ्यानं म्हणाली. उपरण्याखालचा हात तिनं तसाच राहू दिला.